अठ्ठ्याण्णव नावाचा देश

जगात देश किती ह्यावर भूगोलाच्या मास्तरांचंही एकमत नसतं. पण "९८" नावाचा देश कुठल्याही नकाशात नाही, ह्यावर ते होईल असं वाटतं. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांमध्ये मात्र हा देश आहे. तुम्ही संगणकाला विचारलंत की बाबा रे, तू सध्या बिनतारी रेडिओचे कुठल्या देशाचे नियम पाळतो आहेस, तर तो दोन अक्षरांत उत्तर देतो. भारत असेल तर आयएन, अमेरिका असेल तर यूएस, जपान असेल तर जेपी. देश ठाऊकच नसेल तर ००. आणि कधीतरी, तुमचा दिवस वाईट असेल तर, ९८.

ह्या ९८ शी माझं भांडण आहे आणि ते एकदाचं नीट मांडायचं ठरवलं आहे. विषय तांत्रिक आहे, पण आत्या, काकू, तुम्हीही वाचा. तुमच्या हॉलमध्ये टीव्हीमागे दिवे लुकलुकवणारा जो डबा आहे त्याच्याबद्दलच हे आहे, आणि "वाय-फाय दिसतच नाही रे, काय करू?" हा फोन मला सगळ्यात जास्त तुमच्याकडूनच येतो.

आधी थोडं नमन. आकाशातल्या लहरी ही सरकारी मालमत्ता आहे. आपल्या अंगणात उभं राहून आपण हवी ती लहर सोडू शकत नाही, त्याला परवाना लागतो. काही पट्टे मात्र सरकारने सगळ्यांना मोकळे सोडलेले असतात. आपल्याकडे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये असा परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला काही भाग आधी घरात आणि आवारात वापरायला मोकळा होता, तो ऑक्टोबर २०१८ मध्ये ऐसपैस वाढवून एकूण ६०५ मेगाहर्ट्झ केला. प्रत्येक देशाचं गणित वेगळं. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे आणि युरोपात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत व्यवहारात ११ वरच थांबतात. गंमत म्हणजे तिथेही १२ आणि १३ वर सरसकट बंदी नाही. पट्ट्याच्या पलीकडे, म्हणजे २४८३.५ च्या वर, गळती जवळजवळ चालत नाही, म्हणून कंपन्या कुंपणाजवळ फिरकतच नाहीत. जपानात तर १४ वं चॅनेलही आहे, पण फक्त जुन्या, धिम्या पद्धतीसाठी. ५ गिगाहर्ट्झमध्ये ह्याहून गुंतागुंत: काही चॅनेल घरातच वापरा, काहींवर रडार ऐकू आलं तर ताबडतोब उठून दुसरीकडे जा, वगैरे.

तर नियम देशाचा, म्हणजे जागेचा. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नाही. प्रश्न असा की संगणकाला आपण कुठल्या जागी आहोत हे कळणार कसं? त्याला ना डोळे, ना शेजारी. मग तो तीन-चार जणांना विचारतो.

पहिलं म्हणजे कार्ड. वाय-फायच्या कार्डावर एक छोटी चिप असते. कारखान्यातून निघताना तिच्यात कुठल्या देशासाठी हे कार्ड बनलं त्याचा आकडा कोरलेला असतो. एका फार खपलेल्या जातीच्या कार्डांत, म्हणजे अ‍ॅथेरॉसच्या कार्डांत, हा आकडा नुसता शून्य असेल तर लिनक्सचा ड्रायव्हर त्याचा अर्थ काय घेतो माहीत आहे? अमेरिका! कोरी पाटी म्हणजे अमेरिका. असो, ह्यावर मी बोलायला लागलो तर गाडी रुळावर येणार नाही.

दुसरा राउटर. प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा "मी इथे आहे" अशी आरोळी ठोकत असतो. २००१ मध्ये ८०२.११डी नावाची एक पुरवणी आली, तिच्यामुळे त्या आरोळीत "आणि आपण अमुक देशात आहोत" हेही सांगायची सोय झाली. तिसरे तुम्ही स्वतः. "आयडब्ल्यू रेग सेट आयएन" अशी आज्ञा देऊन तुम्ही सांगू शकता की मी भारतात आहे. आणि चौथा मोबाइलचा टॉवर. पण तो मुख्यतः फोनच्या कामाचा. अँड्रॉइड फोन देश ओळखतो तो बहुतेक वेळा मोबाइलच्या नेटवर्कवरूनच.

आता माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. देश कार्डाला नसतो, जागेला असतो. आणि एक संगणक एका वेळी एकाच जागी असतो. हे इतकं उघड आहे की लिहिताना लाज वाटते. पण संगणकात दोन कार्डं बसवलीत की ही उघड गोष्टच नाहीशी होते.

दोन कार्डं कोण बसवतं, असं म्हणाल. बरेच जण. लॅपटॉपच्या पोटातलं एक असतंच, त्याची रेंज कमी पडते म्हणून यूएसबीवालं दुसरं घेतलं जातं. एका कार्डाने इंटरनेट घ्यायचं आणि दुसऱ्याने घरात वाटायचं, हा उद्योगही जुनाच.

तर दोन कार्डं असताना लिनक्सचा कर्नल काय करतो ते पाहा. त्याच्या पोटात एकच मध्यवर्ती कचेरी आहे, सगळ्या कार्डांसाठी एक. कल्पना उत्तम. पण पहिल्या कार्डाच्या ड्रायव्हरने सांगितलं "मी अमेरिकेचं" आणि नंतर दुसऱ्याच्या ड्रायव्हरने सांगितलं "मी जपानचं", तर ही कचेरी दोघांतलं कोणाचंही ऐकत नाही. दोन्ही देशांत जे जे चालतं तेवढंच ठेवते आणि बाकीचं कापते. ह्या कापाकापीतून जे उरतं त्या देशाचं नाव ९८.

राउटरच्या बाबतीत तर आणखी मजा. पहिलं कार्ड एका राउटरला जोडलं गेलं आणि तो म्हणाला "आपण अमेरिकेत आहोत", तर ती बातमी सगळ्या कार्डांना लागू होते. ज्या दुसऱ्या कार्डाने तो राउटर कधी ऐकलाही नाही त्यालाही. मग ते दुसरं कार्ड वेगळ्या राउटरला जोडलं आणि तो म्हणाला "आपण भारतात आहोत", तर? कर्नलच्या मूळ मजकुरात ह्या प्रसंगावर लिहिणाऱ्याने टीप टाकून ठेवली आहे. तिचा भावार्थ असा: दोन कार्डं, दोन राउटर, दोन देश, ह्यांतला सामायिक भाग काढता येईल पण ते बरोबर ठरेलसं वाटत नाही, तेव्हा तूर्तास दुसऱ्याला नाकारू. हे "तूर्तास" पंधरा वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आपल्या पालिकेच्या तात्पुरत्या डागडुजीची आठवण येते :)

म्हणजे जो आधी बोलला तो खरा. जो नंतर बोलला तो खोटा. का, तर तो नंतर बोलला म्हणून.

आणि तुम्ही? तुमचं काय? तुम्ही घरमालक. तुम्ही खुर्चीत बसलेले, खिडकीबाहेर रिक्षा दिसते आहे, आणि तुम्ही टंकता: आयएन. राउटरने आधीच यूएस सांगितलेलं असेल तर तुमच्या आज्ञेचा मान राखला जात नाही, तिची आणि राउटरच्या सांगण्याची पुन्हा कापाकापी होते आणि तुम्ही ९८ मध्ये जाऊन पडता. पुढे चिडून दुसरा एखादा देश सांगून पाहिलात, तर तीही आज्ञा गपचूप कचऱ्यात जाते. गपचूप हा शब्द महत्त्वाचा आहे. पडद्यावर एक अक्षर येत नाही. "नाही" असंही नाही. आज्ञा घेतली, मान डोलावली, आणि काहीच केलं नाही. सरकारी खिडकीवरचा माणूस निदान "साहेब जेवायला गेलेत" एवढं तरी सांगतो.

माझ्यावर हे कुठे गुदरलं ते सांगतो, कारण हवेतल्या तक्रारीला कोणी विचारत नाही. नाशिकला ताईचं दोनमजली रो-हाऊस आहे. भाऊजी काही वर्षं अमेरिकेत होते, परतताना तिथला राउटर घेऊन आले. चांगला आहे, दणकट आहे, फक्त त्याच्या आरोळीत देश आहे अमेरिका आणि तो बदलायची सोय कंपनीने ठेवलेली नाही. वरच्या मजल्यावर ताईच्या सासूबाईंची खोली. तिथे सिग्नल पोहोचत नाही, आणि सिएटलच्या नातीचं तोंड रोज रात्री नऊ वाजता दिसलं नाही तर त्यांना झोप येत नाही. मी एक जुना संगणक जिन्यात ठेवला. एक कार्ड राउटरकडून घेणार, दुसरं वर वाटणार. आजूबाजूच्या सोळा-सतरा घरांनी १, ६ आणि ११ ही चॅनेल मंडईसारखी भरून टाकलेली. १३ वर शुकशुकाट. १३ आपल्याकडे कायदेशीर आहे. म्हटलं चला, १३.

दुसरं कार्ड सुरूच होईना. "ह्या चॅनेलला परवानगी नाही." कोणाची परवानगी? नाशिकमध्ये, भारत सरकारने मोकळ्या केलेल्या पट्ट्यात, भारतात घेतलेल्या कार्डावर? पहिलं कार्ड अमेरिकन राउटरला जोडलेलं होतं, म्हणून जिन्यातला तो अख्खा संगणक अमेरिकेत गेला होता. आयएन सांगितलं. ९८. पहिलं कार्ड तोडलं की सगळं पूर्ववत होतं, १३ दिसायला लागतं. कारण राउटरची सोबत सुटली की कर्नल त्याची बातमीही विसरतो. पण तोडलं तर इंटरनेट कुठून घेणार? पुन्हा जोडलं की पुन्हा अमेरिका. शेवटी राउटर ते संगणक अशी जिन्यातून तार ओढली आणि एका कार्डाला सुटी दिली. बिनतारी जोडणीवरचा उपाय काय, तर तार.

आता कोणी म्हणेल, सावधगिरी म्हणून दोन्हींतलं सामायिक ते घेतलं तर बिघडलं कुठे? कायदा मोडण्यापेक्षा थोडं कमी वापरलेलं बरं. ऐकायला सोज्ज्वळ वाटतं. पण असं बघा. एकादशीला साबुदाणा चालतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. घरात आजी म्हणाली आज एकादशी आणि शेजारीण म्हणाली आज ऋषिपंचमी, तर आपण कालनिर्णय उघडून बघतो की आज नक्की काय आहे. दोन्ही उपासांना चालेल तेवढंच ताटात वाढून काकडीच्या फोडींवर दिवस काढत नाही. आणि कालनिर्णयात आज साधा मंगळवार निघाला, तर?

कापाकापी ही सावधगिरी नव्हे, विचार करायचा कंटाळा आहे. अमेरिकेचे नियम अमेरिकेतल्या रडारांना, उपग्रहांना, तिथल्या सैन्याला सांभाळून बनले आहेत. भारताचे इथल्यांना सांभाळून. दोन्हींच्या सामायिक भागाला कुठल्याच संसदेने हात वर केलेला नाही. तो कोणाचाच कायदा नाही. आणि खरी गोम पुढे आहे. समजा संगणक तिसऱ्याच देशात आहे. मग दोन चुकीच्या देशांचा सामायिक भाग त्या तिसऱ्या देशात कायदेशीर असेलच ह्याची हमी कोणी दिली? दोन चुकीची घड्याळं एकत्र केल्याने बरोबर वेळ मिळत नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो, नाहीतर तांत्रिक मित्र माझ्यावर तुटून पडतील. नियम फालतू आहेत असं माझं म्हणणं मुळीच नाही. २००९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारच्या पडद्यावर भलत्याच रेघा उमटू लागल्या. हे रडार ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि धावपट्टीजवळ वारा अचानक दिशा बदलतो आहे का ते बघतं. विमान उतरताना असा वारा म्हणजे जिवाशी गाठ. शोध घेतला तर आसपासच्या छपरांवर इंटरनेट पुरवण्यासाठी बसवलेली ५ गिगाहर्ट्झची बिनतारी उपकरणं निघाली. रडार ऐकू आलं की चॅनेल सोडायचं हा जो नियम आहे, त्याला डीएफएस म्हणतात, तो न पाळता चालणारी. आपल्यालाही हे दूरचं नाही. मुंबईत वेरावलीला २०२२ मध्ये जे नवं हवामान रडार सुरू झालं ते सी-बँडचं आहे, म्हणजे ह्याच शेजारातलं. मुंबईत ढग कुठे फुटणार हे ते बघतं. तिथे कोणी राउटरचा आवाज चढवून बसलेलं मला चालणार नाही.

पण म्हणूनच तर मी चिडतो. रडार मुंबईत आहे. मुंबईतल्या रडारला वाचवायचं तर मुंबईतल्या संगणकाने मुंबईचे नियम पाळायला हवेत. तो कार्डाच्या जन्मगावाचे नियम पाळत बसला तर रडारला त्याचा उपयोग काय? रेशनच्या कचेरीत जन्माचा दाखला नेऊन चालत नाही, तिथे राहतो कुठे ते विचारतात. कर्नल मात्र जन्माचा दाखला सगळ्यांत वरती ठेवतो. काही ड्रायव्हर तर तुम्ही काहीही सांगा, कार्डात कोरलेल्या देशाबाहेर एक चॅनेल जास्त देत नाहीत. नियम तुम्ही आवळू शकता, सैल करू शकत नाही, हे तिथलं ब्रीदवाक्य.

ह्या ब्रीदामागे गृहीत काय आहे? की वापरणारा लबाड आहे. तो खोटा देश सांगून जास्त ताकद मिळवेल. बरं, लबाड आहेत. वाय-फायशी खेळणाऱ्या पोरांमध्ये "बोलिव्हिया सांग, ताकद वाढते" हा मंत्र एके काळी घरोघरी होता. बोलिव्हिया नकाशात दाखव म्हटलं तर बोट आफ्रिकेवर ठेवतील, पण संगणकाला सांगताना तोच देश. मग कर्नलचे नियम ह्या पोरांना अडवतात का? नाही. ती कुठल्याच राउटरला न जोडता आधी देश सांगतात, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर कर्नलच बदलून घेतात. मूळ मजकूर सगळ्यांना खुला आहे. अडकतो कोण? जो राउटरला सरळ जोडला गेला आहे आणि मग खरं तेच सांगतो तो. ताईचा जिना अडकतो.

आता इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण हे असं का झालं ते कळल्याशिवाय भांडण पूर्ण होत नाही. दोन हजारच्या दशकात लिनक्सवर वाय-फाय म्हणजे छळ होता. अ‍ॅथेरॉसच्या कार्डांसाठी जो मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता त्याच्या पोटात एक बंद गठ्ठा असायचा, मूळ मजकूर न दिलेला. कारण काय, तर म्हणे रेडिओचे नियम. मजकूर उघडा केला तर लोक ताकद वाढवतील. २००६ च्या सुमारास इंटेलच्या ३९४५ कार्डासाठी तर एक बंद प्रोग्रॅम सतत पाठीमागे चालवावा लागे, तोही संगणकाच्या सर्वाधिकारांसह, नियम पाळले जातायत ना ते बघायला. घरात पोलीस पोसण्यासारखं. लोक वैतागले. ओपनबीएसडीवाल्यांनी दोन्हींना आपले उघडे पर्याय लिहून काढले.

मग २००८ मध्ये चांगली गोष्ट घडली. लिनक्समध्ये ती मध्यवर्ती कचेरी आली. त्या वेळी अ‍ॅथेरॉसमध्येच असलेल्या लुईस रॉड्रिगेझने त्यात मोठं काम केलं. सगळ्या देशांचे नियम एका साध्या मजकुराच्या फायलीत. देशाचं नाव, पट्टा, ताकद, अटी. कोणीही उघडून वाचावी, आपल्या देशाची ओळ चुकली असेल तर सरकारी राजपत्राचा आधार देऊन दुरुस्ती पाठवावी. ती फाइल सहीशिक्क्यासह येते, म्हणजे वाटेत कोणी फेरफार करू शकत नाही. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ पासून कर्नल ती स्वतःच वाचू शकतो, मधला दलाल लागत नाही. माझं भांडण ह्या फायलीशी नाही. ह्या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात प्रामाणिक वस्तू आहे. कायदा कसा असावा? फळ्यावर लिहिलेला, सगळ्यांना दिसणारा. तसा तो तिथे आहे. ही फाइल खुली ठेवूनही कंपन्यांना नियम पाळता येतात हे सिद्ध झालं आणि बंद गठ्ठे हळूहळू गेले.

आणि आता ते परत येत आहेत. ह्या वेळी कार्डाच्याच पोटात शिरून. २०१५ च्या सुमारास इंटेलच्या कार्डांमध्ये एलएआर नावाची सोय आली. कार्डाचं फर्मवेअर स्वतःच आजूबाजूचे राउटर ऐकून आपण कुठल्या देशात आहोत ते ठरवतं, आणि कर्नलला फक्त निकाल कळवतं. अशा कार्डांना कर्नल "स्वयंशासित" म्हणतो. तुम्ही आयएन सांगा, मध्यवर्ती कचेरी आयएन म्हणेल, पहिलं कार्ड ते ऐकेल, आणि हे दुसरं कार्ड तुमच्याकडे न बघता ०० किंवा आणखी काही धरून बसेल. एकाच पेटीत, एकमेकांपासून चार इंचांवर, दोन कार्डं दोन देशांत. सुरुवातीला ही सोय बंद करायचं एक बटण ड्रायव्हरमध्ये होतं. २०२० मध्ये आलेल्या ५.५ पासून ते काढून टाकलं. म्हणून आज त्यातल्या पुष्कळ कार्डांवर ५ गिगाहर्ट्झमध्ये स्वतःचं नेटवर्क काढता येत नाही. जवळजवळ प्रत्येक चॅनेलपुढे "आधी बोलू नको" अशी पाटी. आणि ती पाटी कुठल्या आधाराने लावली ते वाचायला कुठली फाइल नाही.

बाकीच्या घरी सोन्याच्या चुली आहेत असं नाही. विंडोजमध्ये प्रदेश निवडायची खिडकी आहे, पण ती तारीख कशी लिहायची आणि रुपयाचं चिन्ह कुठे टाकायचं ह्यासाठी. रेडिओचा निर्णय ड्रायव्हर परस्पर घेतो. मॅकही शेजारच्या राउटरांवरून देश ताडतो. इमारतीत एखाद्याचा राउटर परदेशी असला तर त्याच्या निदानाच्या खिडकीत "देशांच्या संकेतांमध्ये विसंगती" असा शेरा येतो. मला तर हे बरं वाटतं. निदान शेरा तरी येतो! विसंगती आहे हे माणसाला सांगितलं जातं. लिनक्सने हीच विसंगती ९८ मध्ये पुरून टाकली.

अमेरिकेत ह्याच वादाचं एक मोठं प्रकरण झालं. २०१४ मध्ये तिथल्या एफसीसीने ५ गिगाहर्ट्झच्या उपकरणांचं सॉफ्टवेअर कुलूपबंद करायला सांगितलं. २०१५ च्या मार्गदर्शनात तर डीडी-डब्ल्यूआरटी ह्या खुल्या फर्मवेअरचं नाव घेऊन विचारलं होतं की ते बसवण्यापासून तुम्ही कसं रोखणार. गदारोळ झाला, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते नाव काढावं लागलं. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकने दोन लाख डॉलर भरले, कारण त्यांच्या काही राउटरांत देश बदलला की ताकद मर्यादेबाहेर जात होती. पण त्याच तडजोडीत कंपनीने बाहेरचं खुलं फर्मवेअर आपल्या राउटरवर चालू देण्याच्या दिशेने काम करायचंही कबूल केलं. म्हणजे खुद्द पोलिसालाही कळलं होतं की चोर देशाच्या यादीत आहे, खुलेपणात नाही.

मग करायचं काय? मला विचाराल तर कर्नलने सगळ्यांत आधी देश आणि कार्डाची कुवत ह्या दोन गोष्टींची गल्लत थांबवावी. कार्ड १३ वर तपासलेलंच नसेल तर ते "मला १३ येत नाही" असं म्हणो. ते खरं आहे आणि ते फक्त त्या कार्डापुरतं आहे. "मी अमेरिकन आहे" असं म्हणून शेजारच्या कार्डाचे हात बांधायचा त्याला अधिकार नाही. देश हा संगणकाचा, एकच, आणि तो उघड जागी लिहिलेला असावा, वेळेचा पट्टा लिहिलेला असतो तसा. वेळेच्या बाबतीत आपण दोन घड्याळांचा सामायिक भाग काढत नाही ना? राउटर काही सांगत असतील तर ते पुरावे म्हणून घ्यावेत. पुरावे जुळत नसतील तर पडद्यावर सरळ लिहावं: हा राउटर म्हणतो अमेरिका, तो म्हणतो भारत, तुम्ही म्हणता भारत. तोवर सावध राहायचं असेल तर जरूर राहावं, रडारवाल्या चॅनेलांवर तर राहावंच. पण कोणाच्या सांगण्यावरून काय बंद केलं हे सांगावं. आणि माणसाची आज्ञा नाकारायची तर तोंडावर नाकारावी.

हे करायला अवघड आहे, असं माझा एक मित्र म्हणतो. तो ह्याच धंद्यात आहे. त्याचं म्हणणं, कंपन्यांच्या वकिलांना "वापरणाऱ्याने सांगितलं" हे उत्तर चालत नाही, त्यांना "यंत्रानेच ठरवलं" हे उत्तर हवं असतं. असेल. पण यंत्राने ठरवलं म्हणजे काय ठरवलं, तर शेजाऱ्याच्या राउटरने जे ओरडून सांगितलं ते. माझ्यापेक्षा शेजाऱ्याच्या डब्यावर जास्त विश्वास, आणि तो डबा कोणीतरी सामानात घालून न्यू जर्सीहून आणलेला. भारतात असे डबे किती घरांत असतील, ज्यांची पोरं तिकडे आहेत त्या आपल्या नातेवाइकांच्या घरांपासून मोजायला सुरुवात करा.

आणि हे प्रकरण इथे थांबणारं नाही. ६ गिगाहर्ट्झचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५, मोकळा करायच्या नियमांचा मसुदा आपल्या दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेने २०२० मध्ये त्याच्या वरचाही, थेट ७१२५ पर्यंतचा पट्टा मोकळा केला होता. म्हणजे देशादेशांतला फरक आता एक-दोन चॅनेलांचा राहिलेला नाही, शेकडो मेगाहर्ट्झचा झाला आहे. तिकडून आलेलं कार्ड इकडच्या कार्डाशेजारी बसलं की काय काय होईल त्याचा अंदाज करा.

तुमच्यापैकी जे लिनक्स वापरतात त्यांनी एवढंच करा. टर्मिनल उघडा आणि "आयडब्ल्यू रेग गेट" असं रोमन अक्षरांत टंका. वरती मध्यवर्ती कचेरीचा देश येईल, आणि एखादं कार्ड स्वयंशासित असेल तर त्याचा देश खाली वेगळा. दोन्ही आयएन असतील तर तुम्ही नशीबवान. ००, यूएस किंवा ९८ दिसलं तर घरात कार्डं किती, राउटर कुठून आणला आणि देश कोणता दिसला ते मला कळवा. यादी करतो आहे. ताईच्या घरची नोंद पहिली आहे, आणि डोंबिवलीच्या मामांकडे ह्या रविवारी मी स्वतःच जाऊन बघणार आहे. मामी, तुम्ही फक्त डब्याचा दिवा चालू ठेवा.